जबलपूरच्या नावाचा निर्णय
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात थोरल्याला जत्रेसाठी दहा रुपये मिळाले, की पुढच्या वर्षी धाकटा तोच दाखला घेऊन उभा राहतो. मग आई विचारते, थोरल्याला दिले ते कशासाठी? तो पहिला आला म्हणून, की जाणता झाला म्हणून? न्यायालयातील पूर्वनिर्णयाचे मर्म या प्रश्नातच आहे. निकाल काय लागला हे बांधील नसते. ज्या कारणावर तो उभा आहे, ते कारण पुढच्यांना बांधते. न्यायाधीशांनी ओघात जे आणखी बोलून ठेवलेले असते ते आदराने ऐकावे, इतकेच.

आपल्या राज्यघटनेच्या १४१व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक केला आहे. हे बंधन किती कठोर असू शकते, याचे उदाहरण आपल्याच शहराच्या नावाने ओळखले जाते. आणीबाणीत 'मिसा'खाली स्थानबद्ध झालेल्यांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली. आपल्या जबलपूरच्या न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले, की अटक कायद्यानुसार झाली की नाही, एवढे तरी आम्ही पाहू. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चारांविरुद्ध एक अशा बहुमताने ते दारही बंद केले. नऊ न्यायालयांचे मत एका दिवसात निरुपयोगी ठरले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी मत लिहिले; पण विरोधी मत कोणालाही बांधत नाही. पुढे १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

मग चुकीचा निर्णय कायमच डोक्यावर राहतो काय? इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९८ पासून १९६६ पर्यंत स्वतःला तसे बांधून घेतले होते. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९५५ सालीच आपली चूक सुधारण्याची मुभा ठेवली. त्यासाठी पीठ मोठे लागते. १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध मत दिले होते, म्हणून २०१७ साली त्या प्रश्नासाठी नऊ न्यायमूर्ती बसवावे लागले. त्याच निकालात १९७६ चा निर्णयही रद्दबातल झाला. संसदेने १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने त्याचे दात आधीच काढले होते, तरी पूर्वनिर्णय म्हणून तो एकेचाळीस वर्षे पुस्तकात होता.

१९७६ च्या बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ साली तो निर्णय चुकीचा होता असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय हे त्यांचेच चिरंजीव. वडिलांचा शब्द मोडण्याचे हे काम त्यांनी भर न्यायालयात केले.

ज्यांचे अर्ज १९७६ साली फेटाळले गेले, त्यांना याचा उपयोग उरला नव्हता. त्यांतले बरेचसे १९७७ साली निवडणुका जाहीर झाल्यानंतर सुटले होते.