तबकडीतील अक्षरे आणि आपले उत्तरदायित्व



दिवंगत शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानासाठी मी थोडा अपरिचित विषय निवडला आहे : जुन्या संगणकांच्या फ्लॉपींतील मजकूर नव्या संगणकावर आणणे. मराठीच्या प्राध्यापकाला या उठाठेवीची गरज काय, असे कुणी विचारील. परंतु पोथी जतन करणे हे भाषेच्या सेवकाचे जुनेच काम आहे. पोथीचे रूप तेवढे पालटले.

१९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' ही संगणक-साक्षरतेची योजना आरंभिली. तिच्यात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक मिळाला. त्याच्या सव्वापाच इंची तबकडीवर, चाळीस वर्तुळांत, प्रत्येकी २५६ अक्षरांचे दहा खण असत. म्हणजे एकूण १,०२,४०० अक्षरे. ही तबकडी आपल्या नेहमीच्या संगणकात घातली तरी बहुधा वाचता येत नाही, कारण चुंबकीय खुणा उमटविण्याची दोघांची रीत भिन्न आहे.

यावर उपाय साधा आहे. तबकडी तिच्या मूळ यंत्रानेच वाचावी आणि वाचलेले तारेवरून दुसऱ्या यंत्राला सांगावे. सीरियल केबलमध्ये एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या टोकाला जोडतात. बिट एकामागून एक जातात. सेकंदाला ९,६०० बिट हा वेग धरला आणि आरंभ-अंताच्या खुणांसह एका अक्षराला दहा बिट मोजले, तर सबंध तबकडी पावणेदोन मिनिटांच्या आसपास पलीकडे पोहोचते. वाचनात व पडताळ्यात जाणारा वेळ वेगळा. पाठविणारा प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्यावरून काढलेली एक संख्या देतो. घेणारा तीच संख्या स्वतः काढून पाहतो. जुळली नाही तर तुकडा पुन्हा मागतो. गुरूने म्हणावे, शिष्याने परत म्हणून दाखवावे, चुकल्यास पुन्हा सांगावे, या पाठांतराच्या परंपरेहून हे फारसे निराळे नाही.

मात्र बिट सुखरूप आले म्हणजे मराठी आली, असे नव्हे. १९९० च्या दशकात छापखान्यांतून जुळविलेल्या अनेक स्मरणिकांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर साठविला जाई. डोळ्याला ती आधी दिसते खरी, पण उच्चारात 'क' आधी येतो. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात आणि पुढे युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम मानला गेला. म्हणून जुना फॉन्ट कोणता, हे ठाऊक नसेल तर मजकूर हाती येऊनही निरर्थक चिन्हांचा ढीग उरतो. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्यांचे असेच होते : पोथी समोर, पण किल्लीवाचून बाहेरच्यांना ती बंद. ती किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना गवसली, तेव्हा आद्य मराठी गद्य सर्वांसाठी खुले झाले.

भेस्तान, उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी मराठी टिकविली. तिचा पुरावा मोठ्या ग्रंथांत थोडा आणि हस्तलिखितांत, नाटकांच्या संहितांत, स्मरणिकांत अधिक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा बराच भाग पाण्याखाली घातला. घरांतले कागद क्षणात कसे जातात, हे या शहराला सांगावे लागत नाही. फ्लॉपीला तर पूरही नको. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. घरात अशी तबकडी सापडली तर ती लगेच यंत्रात घालू नका. बुरशीने तबकडीही बिघडते आणि यंत्रही. ती कोरडी ठेवा. तिच्यावर वर्ष, यंत्र आणि फॉन्टचे नाव लिहा. मूळ प्रत राखून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि ज्यांनी तो लिहिला त्यांच्याकडून, ते आहेत तोवर, तपासून घ्या. यंत्राची चूक संख्येने कळते. शब्दाची चूक जाणत्या माणसालाच कळते.

गुरुजनांचे स्मरण तसबिरीला हार घालून होतेच. त्यांनी लिहिलेली ओळ पुढच्या पिढीला वाचता यावी, हेही त्यांचे स्मरणच होय.