आवडीचं खाऊ, पण तेल मोजून



आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणींनी चालून, जेवण आवरून चार-पाच किलो वजन उतरवलं. आता पुढे श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी. उतरलेलं वजन टिकवायचं कसं, ही खरी कसोटी. वजन उतरलं की शरीराला रोज लागणारं अन्न कमी होतं आणि भूक मात्र वाढते. म्हणून वजन परत चढलं तर लगेच स्वतःला आळशी म्हणू नका.

आपल्या घरांत एक गोष्ट सर्रास दिसते. घरच्यांसाठी वडे तळायचे आणि आपण उकडलेला दुधी खायचा. मग सगळ्यांची जेवणं झाली की उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ओट्याशी उभ्यानेच संपवायचं. हे दोन्ही सोडू या. भांडं सगळ्यांचं एकच ठेवू आणि बदल त्या भांड्यातच करू.

सुरुवात तेलापासून. एक ग्रॅम तेलात 9 किलोकॅलरी असतात, म्हणजे एका मोठ्या चमच्यात साधारण 120. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या सूचना दिल्या. त्यात 2000 किलोकॅलरीच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम धरलं आहे. हिशेब केला तर माणशी महिन्याला साधारण 800 ग्रॅम. चौघांच्या घरात तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास. आपल्या घरी किती पिशव्या लागतात, ते आठवून बघा.

आता आवडीचे पदार्थ. बटाटेवड्याची गोळी पिठात बुडवून आप्पेपात्रात करा, प्रत्येक खळग्यात थेंबभर तेल पुरतं. मिसळीत मोडाची मटकी दुप्पट घाला, तर्री चमच्याने वाढा, फरसाण मूठभर घ्या, वर कांदा-काकडी भरपूर, आणि पाव एकच. दिवाळे गावच्या बाजारातून ओले बोंबील आणले तर जड पाट्याखाली दाबून पाणी काढा, तांदळाचं पीठ लावून तव्यावर दोन छोटे चमचे तेलात भाजा. सोबत तांदळाची भाकरी, तिला तेल लागतच नाही.

पुरणपोळी मात्र पुरणपोळीसारखीच करा. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून ती हलकी होत नाही, दोन्हींतल्या कॅलरी जवळपास सारख्याच. दोन पोळ्या, वर चमचाभर तूप, वाटीभर कटाची आमटी, आणि त्या दिवशी भात नको. सावकाश, सगळ्यांबरोबर बसून खा. उरलेल्या पोळ्या शेजारी द्या किंवा फ्रीजमध्ये ठेवा.

ज्यांना साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी जेवणात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळी मनाने कमी करू नये.

हे सगळं एकदम जमणार नाही. या महिन्यात एकच काम करू. तेलाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहायची. संपेल तेव्हा दिवस मोजायचे आणि गटाच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाबरोबर तोही आकडा सांगायचा. पुढची पिशवी चार दिवस जास्त टिकली, तरी वजनाला हातभार लागेल आणि पैसेही वाचतील.