मरण आणि विनोद : ‘जाने भी दो यारों’विषयी एक वाद

विनोदाला मर्यादा असावी काय, आणि असल्यास ती कोठे घालावी, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी रसांची मैत्री आणि वैर सांगताना हास्य व करुण यांना परस्परांचे विरोधी मानले. दारात प्रेत असताना हसू नये, ही आपली लोकरीतही तेच सांगते. मग ज्या चित्रपटात एक प्रेतच इकडून तिकडे हिंडविले जाते आणि प्रेक्षक पोट धरधरून हसतात, त्याला चांगला म्हणावयाचे की नाही? उरणजवळच्या द्रोणागिरी येथे माझ्या परिचयाच्या काही चित्रपटरसिकांत या प्रश्नावर बराच वाद झाला. त्यातील दोन्ही पक्ष आज आपणापुढे ठेवून, शेवटी माझे मत सांगण्याचा विचार आहे.

वादाचा विषय होता कुंदन शहा यांचा १९८३ सालचा ‘जाने भी दो यारों’ हा हिंदी चित्रपट. पुण्याच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेतून बाहेर पडलेल्या या दिग्दर्शकाची ही पहिलीच मोठी कृती. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने पुरविलेल्या सुमारे सात लाख रुपयांत ती तयार झाली. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेला राष्ट्रीय पुरस्कार तिला लाभला. परंतु ती खऱ्या अर्थाने घरोघर पोचली ती पुढे दूरदर्शनमुळे.

कथानक थोडक्यात असे. विनोद आणि सुधीर हे दोन भाबडे छायाचित्रकार मुंबईत दुकान थाटतात. या भूमिका नसीरुद्दीन शहा आणि रवी बासवानी यांनी केल्या आहेत. धंदा चालेना, तेव्हा ‘खबरदार’ नावाच्या पत्राच्या संपादिकेसाठी ते एका धनाढ्य इमारत-व्यावसायिकाची कृष्णकृत्ये टिपू लागतात. बागेत सहज काढलेले एक छायाचित्र मोठे करून पाहतात, तो त्यात खून दिसतो! मेलेला मनुष्य म्हणजे महापालिकेचा आयुक्त डिमेलो. मारणारा तोच व्यावसायिक, तर्नेजा. पुढे तोच तर्नेजा डिमेलोच्या स्मरणार्थ पूल बांधतो. पूल कोसळतो, डिमेलोचे प्रेत हाती लागते, आणि मग पोलीस, ठेकेदार, संपादिका असे सारेच त्या प्रेतामागे धावू लागतात.

आमच्या मंडळीतील एका निवृत्त शिक्षिकेचा या चित्रपटावर सक्त आक्षेप होता. त्या म्हणाल्या, “मृत्यूची विटंबना करून हसविणे ही विनोदाची दिवाळखोरी होय. आपण राहतो तो रायगड जिल्हा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या गेल्या. ज्यांच्या घरची माणसे त्या रात्री परतली नाहीत, त्यांना पुलाच्या गोष्टीवर हसा असे आपण सांगू शकाल काय?” त्यांचा दुसरा आक्षेप रचनेविषयी होता. उत्तरार्धात कथेचा लगाम सुटतो. मद्यधुंद ठेकेदार शवपेटीलाच मोटार समजून आतल्या माणसाशी गप्पा मारतो, प्रेत द्रौपदीच्या वेषात महाभारताच्या नाटकात शिरते, आणि अखेर त्या नाटकात बादशहा अकबरही अवतरतो. ही कला नव्हे, हा धांगडधिंगा होय, असे त्यांचे म्हणणे पडले.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे एका तरुण अभियंत्याने मांडले. त्याने थेट गडकऱ्यांचाच आधार घेतला. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात तळीराम मरणाच्या दारी पडलेला असताना डॉक्टर आणि वैद्य त्याच्या उशाशी भांडतात, आणि प्रेक्षागृह हसते. त्याच नाटकात सिंधूचे दुःख पाहून तेच प्रेक्षागृह रडते. तेव्हा हास्य आणि करुण यांचे वैर आपल्याच एका श्रेष्ठ नाटककाराने केव्हाच मोडून काढले आहे. आजही ही परंपरा खंडित झालेली नाही. परेश मोकाशी यांचा २०२३ साली प्रदर्शित झालेला ‘वाळवी’ हा मराठी चित्रपट पत्नीच्या खुनाच्या बेतावरच उभा आहे. आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला.

श्रोतेहो, शिक्षिकाबाईंचा पहिला आक्षेप मला इतका महत्त्वाचा वाटतो की, त्याला केवळ परंपरेचे दाखले देऊन भागणार नाही. मरणावर हसावे की नाही, या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न दडलेला आहे : आपण हसतो ते कोणाला? या चित्रपटात पुलाखाली सापडलेल्या माणसांवर विनोद केलेला नाही. हसू येते ते डिमेलोच्या प्रेताभोवती. हा डिमेलो जिवंतपणी पैसे खाऊन ठेके देणारा अधिकारी होता, आणि सतीश शहा यांनी त्याचे प्रेतही असे वठविले आहे की, मेल्यावरही तो मनुष्य सरकारी खुर्चीतच बसला आहे असे वाटावे. त्याच्या मागे धावणाऱ्यांपैकी एकालाही त्याच्या मरणाचे दुःख नाही. प्रत्येकाला त्याची किंमत तेवढी ठाऊक आहे. विटंबना चालली आहे ती या बाजाराची. महाभारताच्या प्रवेशात द्रौपदीची लाज राखण्यासाठी प्रत्यक्ष दुर्योधनच धडपडू लागतो. त्या गोंधळाला अर्थ आहे : कोण कौरव आणि कोण पांडव, हेच तेथे ओळखू येईनासे झाले आहे.

मराठी प्रेक्षकाला विशेष बोचेल अशी योजना संपादिकेच्या भूमिकेत आहे. ती भूमिका भक्ती बर्वे यांची. ‘ती फुलराणी’मुळे ज्या अभिनेत्रीवर महाराष्ट्राने जीव लावला, तिच्याच मुखातून सत्याची भाषा ऐकताना आपण निःशंक होतो. पुढे हीच बाई पुराव्याचा सौदा करू लागते, तेव्हा त्या दोन भाबड्या तरुणांइतकेच आपणही फसलेले असतो.

रचनेविषयीचा आक्षेप मात्र मला अंशतः मान्य आहे. शवपेटीचा प्रसंग लांबला आहे, आणि काही पाठलाग केवळ पाठलागासाठी आहेत.

आमच्या बैठकीत द्रोणागिरीलगतच्या गावातील एक वयस्क गृहस्थ होते. ते बराच वेळ गप्प होते. हा चित्रपट आला त्याच्या पुढच्याच जानेवारीत, १६ आणि १७ तारखांना, नव्या शहरासाठी जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याकरिता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासई भागात शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले होते, आणि गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. तो काळ पाहिलेले ते गृहस्थ शेवटी एवढेच म्हणाले, “शेवटच्या दृश्यात हसला होतात का कोणी?”

कोणीच हसले नव्हते. त्या दृश्यात सारे अपराधी आपसात समेट करून मोकळे झालेले असतात. पूल पाडल्याचा आळ त्या दोन निरपराध तरुणांवर येतो. कैद्यांच्या कपड्यांत ते मुंबईच्या रस्त्यावरून चालतात, मागे आशेचे एक सर्वपरिचित गीत वाजत असते, आणि ते दोघे आपल्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवितात. दोन तास मोकळे सोडलेले हसू दिग्दर्शक येथे एका क्षणात थांबवितो.

माझ्या मते या चित्रपटाचे खरे श्रेष्ठत्व येथे आहे. कोणाला हसावे आणि कोठे थांबावे, या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक आहेत. शिक्षिकाबाईंना हे पूर्णपणे पटले असे मी म्हणणार नाही. मात्र चित्रपट पुन्हा एकदा पाहण्याचे त्यांनी मान्य केले. आपणही तो घरातील मोठ्या मुलांसह अवश्य पाहावा, आणि संपल्यावर लगेच न उठता त्याविषयी थोडे बोलावे.