सेवाभावाला हवी प्रशिक्षणाची जोड

(सेवाकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित भाग)



बौद्धिक दिव्यांग अपत्याच्या आईवडिलांना आयुष्यभर छळणारा प्रश्न एकच असतो : ‘आमच्या पश्चात याचे काय?’ एकत्र कुटुंबात काका-काकू, आत्या, चुलतभावंडे यांच्या आधाराने हा प्रश्न काही अंशी सुटत असे. आज अनेक घरांत थकलेले आईवडील आणि चाळिशीचा मुलगा एवढेच उरतात. 2011 च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद पंधरा लाखांहून अधिक होती. हा प्रश्न मूठभर घरांचा नाही, समाजाचा आहे.

महाराष्ट्राने या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले. मुंबईत 1944 साली जय वकील शाळा सुरू झाली, पुण्यात 1964 साली ‘कामायनी’ उभी राहिली. शाळा निघाल्या, परंतु शाळेचे वय संपल्यावर पुढे काय, हे कोडे सुटले नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना पित्याचे नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना आश्रय मिळावा यासाठी सातत्याने आवाज उठविला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ममतेचे सामर्थ्य काय असते, याचे हे जिवंत उदाहरण आहे.

मात्र ममता एका व्यक्तीच्या ठायी असते. संस्था अनेकांच्या हातांनी चालते. निवासी संस्थेत चोवीस तास सहवास असतो तो डॉक्टरांचा नव्हे, विशेष शिक्षकांचाही नव्हे, तर मावशींचा आणि दादांचा. अंघोळ घालणारे, भरविणारे, रात्री उठून पांघरूण सारखे करणारे तेच. त्यांना शिकविण्याची व्यवस्था मात्र बहुधा सर्वांत शेवटी सुचते. ‘मनात सेवाभाव असला की पुरे’ असे आपल्याकडे म्हटले जाते. ते पुरेसे नाही.

आकडी आली की कांदा वा चप्पल हुंगविणारा, दातखीळ सोडविण्यासाठी तोंडात चमचा घालणारा माणूस कळवळ्यानेच ते करीत असतो. त्या कळवळ्याने दात मोडू शकतो, श्वासही कोंडू शकतो. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे आणि आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे; एवढे ज्ञान जीव वाचविते. आडवे असताना घाईघाईने भरविलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हेही कोणीतरी शिकवावे लागते.

त्याहून सूक्ष्म गोष्ट वर्तनाची. शब्द नसलेला निवासी एकाएकी डोके आपटू लागतो, ताट भिरकावतो. अप्रशिक्षित सेवक म्हणतो, ‘हा हट्टी आहे.’ प्रशिक्षित सेवक विचारतो, ‘याचा दात दुखतो का? पोट साफ आहे का? कानात काही झाले आहे का?’ दुखणे सांगता न येणाऱ्याचे वर्तन हीच त्याची भाषा असते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉईडचे विकार अधिक आढळतात आणि स्मृतिभ्रंशही तुलनेने कमी वयात सुरू होऊ शकतो. हे ठाऊक नसेल, तर आजारालाच आळस समजून बोलणी बसतात.

तिसरी गोष्ट स्वावलंबनाची. दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांत उरकण्यासाठी सेवक स्वतःच सदऱ्याची बटणे लावून देतो आणि नकळत त्या माणसाला कायमचे परावलंबी करतो. शेवटचे एक बटण त्याच्यासाठी ठेवावे. ते जमले की शेवटची दोन. असा धीर शिकवावा लागतो. कोणता सदरा घालायचा हेही त्यालाच विचारावे. पन्नाशीच्या माणसाला ‘बाळ’ म्हणू नये. स्नान, पाळी, कपडे बदलणे यांत आडोसा राखावा. अत्याचाराची चाहूल ओळखावी आणि ती दडवू नये.

साधनसंपत्ती या शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या ‘विंटरबॉर्न व्ह्यू’ या खासगी रुग्णालयातील निवाशांचा छळ 2011 मध्ये बीबीसीने छुप्या चित्रीकरणातून उघड केला. अकरा कर्मचारी दोषी ठरले. पुढे ऑलिव्हर मॅक्गोवन हा अठरा वर्षांचा तरुण 2016 मध्ये दगावला. त्याचा आणि आईवडिलांचा विरोध असूनही त्याला मनोविकारावरील औषध दिले गेले होते. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यानंतर 2022 च्या कायद्याने आरोग्य व निगा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना याविषयीचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. एवढी किंमत मोजल्यावर तेथे जे उमगले, ते आपण आधीच ओळखायला हवे.

आपल्याकडे कायद्याचा पाया आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची व्यवस्था केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 47 कुटुंबीय व समाजघटकांनाही निगेचे प्रशिक्षण देण्यास सांगते. ‘मतिमंद’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द बदलला, आता हात बदलायला हवेत.

संघटनेच्या कामात दंड धरण्यापासून पंक्तीत वाढण्यापर्यंत सारे वर्गात शिकविले जाते. कार्यकर्ता केवळ भावनेने नव्हे, अभ्यासाने घडतो हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. मग सर्वांत कठीण सेवेलाच ‘मन चांगले असले की झाले’ हा न्याय का? प्रत्येक नगराने जवळच्या एका निवासी संस्थेची माहिती घ्यावी. परिचयातील डॉक्टर, परिचारिका, विशेष शिक्षक यांनी तेथे महिन्यातून एक वर्ग घ्यावा. वर्ग चालू असताना निवाशांपाशी प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली आपल्या घरातील मंडळींनी बसावे, म्हणजे मावशींना शिकायला सवड मिळेल. आणि त्या मावशींच्या वेतनाचाही विचार व्हावा; उपाशी पोटी कोणाचाही धीर टिकत नाही.

जीवात शिव पाहण्याची शिकवण रामकृष्ण-विवेकानंदांनी दिली. पूजेलाही विधी असतो आणि तो शिकावा लागतो. जेथे शिकलेले हात आहेत, तेथे आईवडील आपले मूल निश्चिंतपणे सोपवू शकतील. ‘आमच्या पश्चात काय?’ या प्रश्नाला समाजाने द्यावयाचे उत्तर तेच आहे.