आधी घराची सोय, मग समुपदेशन

कॅलिफोर्नियात रुग्णसेवा करणाऱ्या माझ्या मराठी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, तंत्रज्ञ मित्रमैत्रिणींनो,

थेट वणव्याकडे वळते.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास पल्गा या वस्तीजवळ वीजवाहिनीचा वर्षानुवर्षं झिजलेला हूक तुटला आणि खालचं गवत पेटलं. कोरड्या वाऱ्याने ती आग काही तासांत पॅराडाइज गावात आणली. ८५ माणसं गेली, अठरा हजारांहून जास्त इमारती जळाल्या. या वणव्याचं नाव ‘कॅम्प फायर’; ते घेतलं की इथल्या माणसाला बाकी काही सांगावं लागत नाही.

त्या गावातल्या फेदर रिव्हर हॉस्पिटलमधून त्या सकाळी साठाहून जास्त रुग्ण हलवले गेले. रुग्णवाहिका पुरेनात, तेव्हा कर्मचाऱ्यांनी आपापल्या गाड्यांत रुग्ण बसवले. एका रुग्णवाहिकेनेच वाटेत पेट घेतला. तिच्यात नुकतंच सिझेरियन झालेली बाई होती. तिला शेजारच्या घराच्या गॅरेजमध्ये नेलं आणि सोबतच्यांनी ते घर वाचवायला त्यावर पाणी मारलं. रस्ता तुंबला म्हणून काही जण माघारी फिरले आणि हेलिपॅडवर रुग्ण मांडून उपचार करत राहिले.

ही हकिगत आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. सांगावीच. पण मनोविकारतज्ज्ञ म्हणून माझं लक्ष दुसरीकडे जातं. रुग्णाला सीटबेल्ट लावणाऱ्या अनेकांची स्वतःची घरं त्याच सकाळी जळत होती. पुढे हॉस्पिटल म्हणून ती वास्तू पुन्हा उघडली नाही. म्हणजे घर गेलं, गाव गेलं, नोकरी गेली आणि ज्यांच्याजवळ मन मोकळं करायचं ते सहकारी चार दिशांना पांगले. अशा माणसाला आपण काय देतो? बहुतेक वेळा एक फोन नंबर, एक माहितीपत्रक आणि फारच उदार व्यवस्थापन असेल तर योगवर्ग. योगाबद्दल मला आदर आहे, पण भाड्याचं घर मिळेना म्हणून झोप उडालेल्याला शवासन कितीसं पुरणार?

आपत्तीनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय पाहिलं ते सांगा’ म्हणायची पद्धत फार लोकप्रिय होती, अजूनही आहे. अशा एकवेळच्या बैठकीने पुढचा मानसिक आजार टळतो, याला पुरावा मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असंच सांगितलं आहे. संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत पुष्कळ साधी आहे: माणूस सुरक्षित आहे का ते बघा, त्याचं ऐका, त्याला लागणारी मदत त्याच्यापर्यंत पोहोचवा. बोलायची सक्ती नाही. रात्री झोप येत नाही, धुराच्या वासाने छातीत धडधडतं, हे पहिल्या आठवड्यात बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं कमी होतं. महिन्यानंतरही तसंच राहिलं, तर मात्र आमच्याकडे या.

आणि इथेच आपले लोक थबकतात. डॉक्टरांना परवान्याची धास्ती असते. पूर्वी अनेक राज्यांच्या अर्जांत ‘तुम्ही कधी मानसिक उपचार घेतलेत का’ असा सरसकट प्रश्न असे. न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागातल्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी २०२०च्या कोविड साथीत आत्महत्या केली. त्यांच्या नावाने २०२२मध्ये संघीय कायदा झाला, पैसा आला, काही राज्यांनी तो प्रश्न बदलला. भीती मात्र कायद्याच्या वेगाने जात नाही.

आपल्यातल्या तरुणांना आणखी एक काळजी असते, ती इथल्या मूळच्या सहकाऱ्यांना चटकन कळत नाही. एच-१बी व्हिसावर असताना हॉस्पिटल जळून नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. त्यात पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा घरी, त्यांना गाडी चालवता येत नाही, मोबाइलवर आलेला इंग्रजी इशारा त्यांना जाहिरात वाटतो. ही काळजी डोक्यात घेऊन तुम्ही आयसीयूत पाळी करणार. तिकडून मावशीचा फोन येतो, ‘सोड सगळं आणि ये इकडे.’ प्रेमानेच म्हणते ती.

म्हणून माझं म्हणणं असं की मनाच्या आधाराचं मोठं काम आग लागण्याआधीच करायचं असतं आणि ते दिसायला अगदी कारकुनी असतं. वणव्यात रिकाम्या कराव्या लागणाऱ्या पट्ट्यात कोणाचं घर आहे, कोणाची मुलं पाळणाघरात आहेत, घरातलं म्हातारं माणूस कोण उचलून आणणार, हे विभागप्रमुखाकडे जूनमध्येच लिहिलेलं हवं. कोणी थांबायचं आणि कोणाला घरी सोडायचं, हेही तेव्हाच ठरवा. धूर दिसल्यावर ठरवलं की जिची घरी जाण्याची विनंती नाकारली जाते, ती वर्षानुवर्षं विसरत नाही. नाकारणाराही विसरत नाही. माझ्याकडे दोघेही येतात.

या यादीत वृद्धाश्रमातल्या मदतनीस आणि सफाई कामगार धरा. जानेवारी २०२५मध्ये अल्टाडिनाजवळच्या वणव्यात, ठिणग्यांच्या पावसात व्हीलचेअर ढकलत चाललेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यांत डॉक्टर किती असतील? कमी पगाराच्या, स्थलांतरित बायाच बहुतेक. समुपदेशनाची मेल मात्र ज्यांना हॉस्पिटलचा ईमेल आहे त्यांनाच जाते.

आग विझल्यावर प्रश्न संपत नाही, हे तर तुम्ही जाणताच. दर शरद ऋतूत वणव्याच्या धोक्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा येतो, वीज आधीच बंद केली जाते आणि जुन्या आगीतून आलेली नर्स दर दहा मिनिटांनी खिडकीकडे बघते. तिला त्या दिवशी पाळी बदलून हवी असेल तर कारण न विचारता द्या. आगीच्या वर्षदिनाच्या आठवड्यात पाळ्या लावताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आपल्या मंडळाने दोन गोष्टी कराव्यात, असा माझा प्रस्ताव आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाची जोडी दुसऱ्या खोऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाशी लावायची: मध्यरात्री आईबाबा आणि मुलं घेऊन जायची हक्काची जागा. आणि सभासदशुल्कातला काही भाग बाजूला काढून, अर्ज-मुलाखत न घेता, पहिल्या महिन्याचं घरभाडं द्यायचं, मग तो सभासद डॉक्टर असो की हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारा. कोषाध्यक्षांनी आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे की शुल्क वाढवावं लागेल. वाढवू या. दुपारच्या सभेत तो ठराव मीच मांडते. अनुमोदक मला जेवणाआधी हवा.