कुणाचं काय अडलंय?



मघाशी बक्षिसं देताना तिघाचौघा विद्यार्थ्यांनी मला हळूच विचारलं, “सर, सध्या कुठल्या धंद्यात पैसा आहे?” तुमच्या वयात मीही हेच विचारत फिरायचो. तेव्हा उत्तर मिळालं होतं, पाण्याचे जार. गावात चार प्लांट जोरात चालले होते, पाचवा मी टाकला. अडीच वर्षांत बंद करावा लागला. पाणी चांगलं होतं, कष्टही कमी नव्हते. पण माझा जार आला नाही म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं.

कर्ज फेडायचं म्हणून चुलत्यांच्या बेदाणा शेडवर राबायला गेलो. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी हे काम चालतं. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, रॅकवरच्या जाळीवर पसरायची आणि वाळायची वाट बघायची. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मार्चमधल्या एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि नेमकं तेव्हाच काड्या काढायचं यंत्र बंद पडलं. मिस्त्री म्हणाला, परवा येतो. चुलते एकदा आभाळाकडं बघत होते, एकदा यंत्राकडं. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात मी ते यंत्र उघडलं. बेअरिंग गेलं होतं, त्याला बेदाण्याचा चिकटा बसला होता. पहाटे यंत्र सुरू झालं. आठवड्याभरात शेजारच्या तीन शेडवाल्यांचे फोन आले. माझा आजचा यंत्रांचा कारखाना त्या बेअरिंगपासून सुरू झाला.

अडलेल्या कामातून धंदा उभा राहिल्याचं मोठं उदाहरण इथून जवळच आहे, किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान चालवलं. पण ते सायकलींवर थांबले नाहीत. भोवतालच्या शेतकऱ्याला काय लागतं, हे त्यांनी पाहिलं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असं तेव्हा लोक म्हणत, म्हणून नांगर पडून राहिले. गरज खरी असली तरी गिऱ्हाइकाला ती पटायला वेळ लागतो आणि तेवढा काळ तग धरावा लागतो. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी आपल्या संस्थानात माळरान दिलं. 1910 मध्ये तिथं कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी.

धंदा निवडताना आणखी एक बघा. त्यात पैसा कधी येतो? शेतकऱ्याच्या हातात पैसा बेदाण्याचा सौदा झाल्यावर येतो, माझी दुरुस्ती मात्र हंगामात होते. म्हणजे माझे महिनोन्‌महिने उधारीत जातात. मी पावसाळ्यात नवी यंत्रं बांधतो, हंगामात दुरुस्ती करतो आणि कामगारांच्या सहा महिन्यांच्या पगाराची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय नवीन ऑर्डर घेत नाही. नफा किती, हे सगळेच विचारतात. पैसा हातात कधी पडणार, हे फार थोडे विचारतात, आणि चांगली चाललेली दुकानं बंद पडताना मी तिथंच पाहिली आहेत.

मोबाइलवर ज्या धंद्याचा गाजावाजा होतो, तिथं तुमच्या आधी हजारो जण पोचलेले असतात. हळद शिजवताना बाईचे हात का भाजतात, द्राक्षबागेत फवारणीचं नोझल रोज का तुंबतं, हे मात्र तुम्हाला घरबसल्या माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला ते शिकायला वर्षं घालवावी लागतील.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या हंगामात आठ दिवस कुठल्याही शेडवर, गुऱ्हाळावर किंवा गोठ्यावर मजुरी करा. सोबत एक वही ठेवा. काम कुठं अडलं, किती वेळ अडलं, त्यात कुणाचं किती नुकसान झालं, एवढंच लिहा. ती वही घेऊन माझ्या कारखान्यावर या. दार उघडं आहे, चहा पिऊन बोलू.