इंग्रजीचे शब्दधन आणि विशेषणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपली मुले परीक्षेत उत्तम गुण मिळवितात. परंतु नोकरीच्या मुलाखतीत माणूस, गाव, पुस्तक या सर्वांना एकच ‘गुड’ लावून स्तब्ध होतात. ज्ञान असून ते प्रकट होऊ नये, ही हानी आम्हांस लहान वाटत नाही.

तिचा एक उपाय विशेषणांच्या अभ्यासात आहे. इंग्रजी विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. ‘मोठा, मोठी, मोठे’ या तिन्हींस एक ‘बिग’ पुरतो. रूप सोपे, कस लागतो तो निवडीत. ‘स्लेंडर’, ‘थिन’ आणि ‘स्किनी’ हे तिन्ही शब्द बारीक अंगाच्या माणसाचेच. पण पहिल्यात प्रशंसा आहे, दुसऱ्यात केवळ वर्णन आणि तिसऱ्यात बहुधा हेटाळणी. उंच माणूस ‘टॉल’, उंच डोंगर मात्र ‘हाय’. आपला कडक चहा तेथे ‘स्ट्राँग’ होतो. पण जोराचा पाऊस ‘हेवी’च. पीटर मार्क रॉजे यांच्या १८५२ साली निघालेल्या कोशात जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र सापडतात. तथापि कोणता कोठे शोभतो, हे वाचनानेच कळते.

म्हणून सुटे शब्द घोकू नयेत. विशेषण त्याच्या नामासह वहीत टिपावे. रोज पाच जोड्या लिहिल्या, तर वर्षात अठराशेंहून अधिक होतात. वडीलधाऱ्यांनी त्या मुलामुलींकडून मोठ्याने वदवून घ्याव्यात आणि उच्चार चुकला तरी कोणी हसू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.